दारूकोठाराचा दवाखाना

त्या इमारतीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. बांधकाम खात्याकडून पत्र आलं होतं. दवाखाना जुना झाला आहे, पाडायचा की दुरुस्त करायचा ते ठरवायचं आहे, तरी इमारतीची माहिती 'इतिहासासह' पाठवावी, असं त्यात होतं. आमच्या डॉक्टरांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, सिस्टर, तुम्ही लिहा, मी सही करतो. बाहेर पडवीत माणसं भिंतीला टेकून बसली होती, स्टोव्हवर सिरिंजा उकळत होत्या, आणि पहाटेच्या एका बाळंतपणानं माझी कंबर धरली होती. मी पत्र औषधांच्या कपाटात, जांभळ्या औषधाच्या बाटलीखाली सरकवलं. पंधरा दिवस ते तिथंच पडून होतं.

हे पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराचं. दौंडपासून अडीच-तीन मैलांवर दगडाची मोठी खाण होती आणि खाणीच्या कडेनं वस्ती. तिला काही नाव असेल, पण सगळे नुसतं 'खाण' म्हणायचे. कुठं असता, तर खाणीवर. रेल्वेच्या पुलाचा दगड आणि लाइनीखालची खडी इथूनच गेली असं जुनी माणसं सांगायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुरुंग उडायचे. आधी लांब शिट्टी, मग थोडा वेळ काहीच नाही, मग जमीन हलायची आणि आमच्या ट्रेमधले चिमटे वाजायचे. नवीन पेशंट दचकायचा, आम्ही नाही.

मी तिथं बहात्तरच्या दुष्काळात लागले. पुण्यात नर्सिंगचा कोर्स केला, लग्न झालं, मुलगी झाली आणि मग ही पहिली नेमणूक आली. मिस्टर शिरूरला प्राथमिक शिक्षक. त्यांची बदली इकडे होईना, माझी तिकडे होईना. मुलगी दीड वर्षाची होती, तिला सासूबाईंजवळ ठेवलं. शनिवारी दुपारची एसटी पकडायची, न्हावऱ्यावरून शिरूरला पोचेपर्यंत दिवस मावळायचा, रविवारी घरातली धुणी-भांडी, आणि सोमवारी पहाटे परत. पाच वर्षं हे केलं. आता कुणी विचारलं की तेव्हाचं काय आठवतं, तर आधी तो प्रवासच आठवतो. खिडकीला डोकं टेकलं की झोप लागायची आणि कंडक्टर हाक मारायचा.

दुष्काळात खाणीवर माणूस मावत नव्हता. शेतं उघडी पडली होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला आसपासच्या गावांतून माणसं आली होती. जन्मभर खुरपं धरलेल्या बायका हातोडी घेऊन ढिगापाशी बसल्या. हाताला सवय नाही. हातोडी बोटावर बसायची, कपची उडून डोळ्यात जायची. सकाळी दहापासून डोळ्याला पदर लावलेल्या बायकांची रांग लागायची. कापसाची बारीक वात करून कपची काढायला मी शिकले होते. पण त्याला उजेड लागतो, आणि त्या इमारतीत उजेडच नव्हता.

इमारत अशी. काळ्या दगडाच्या भिंती, दोन हात जाड. खिडक्या अगदी वर, छताजवळ, आणि एवढ्याशा की त्यातून मांजर जाईल. आत जायला एकच लोखंडी दार. आत एक लांब खोली, तिथं पाच खाटा, कोपऱ्यात बाळंतपणाचं टेबल, आणि दारापाशी ड्रेसिंगची जागा. मागच्या बाजूला एक लहानशी वेगळी खोली. पुढची पडवी कुणीतरी नंतर काढलेली. छपराला मात्र साधे पत्रे. भिंती किल्ल्यासारख्या आणि वर हलके पत्रे, त्यामुळे उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. बाळंतिणीचं अंग ओल्या फडक्यानं पुसत बसावं लागायचं. डोळ्याचा पेशंट मी दारात उभा करायची, उन्हाकडे तोंड करून. मला वाटायचं, ज्यानं हे बांधलं त्याला दवाखाना म्हणजे काय हे माहीत नसावं.

मागच्या खोलीत मावशी राहायची. मावशी म्हणजे आमची आया. तिची माणसं पिढ्यान्पिढ्या दगड फोडणारी, पण ती स्वतः कितीतरी वर्षं दवाखान्यातच होती. झाडणं, पुसणं, पाणी तापवणं, पेशंट धरून ठेवणं, बाळ न्हाऊ घालणं, सगळं तिच्याकडे. बारीक, उंच, आणि हाताला विलक्षण ताकद. मोडलेलं हाड बसवताना डॉक्टर तिला म्हणायचे, धरा, आणि ती धरायची. बोलायची कमी. नवऱ्याबद्दल, मुलाबाळांबद्दल मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. वरवंडला भाचा आहे, एवढं माहीत होतं.

पहिल्या वर्षात ती माझ्या हातचा चहा घेत नव्हती. मी स्टोव्हवर चहा ठेवला की तिला काहीतरी काम आठवायचं. आम्ही बौद्ध, हे माझ्या आडनावावरून आणि गळ्यातल्या फोटोच्या लॉकेटवरून सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही, रागही फारसा आला नाही. गावात असं पाहतच मी मोठी झाले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात केव्हातरी, गॅस्ट्रोची साथ चालू असताना, सलाइन लावून लावून आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो, तेव्हा तिनं माझ्या हातातला कप घेतला आणि प्यायली. तेव्हापासून घ्यायला लागली.

तर तो इतिहास. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र आलं आणि मला कपाट उघडावं लागलं. आधी जुनी दप्तरं पाहिली. एका पेटाऱ्यात होती, वाळवीनं खाल्लेली, हात लावला की चुरा व्हायचा. मग डॉक्टरांनी सांगितलं की इथले जुने कंपाउंडर रिटायर होऊन दौंडात राहतात, त्यांना भेटा. एका गुरुवारी, बाजारच्या दिवशी, औषधं आणायला गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले.

कंपाउंडर सत्तरीकडे झुकलेले, स्वच्छ धोतर, कान थोडे गेलेले. इतिहास म्हटल्यावर ताठ बसले. त्यांनी सांगितलं ते असं: खाणीच्या गोऱ्या साहेबाला मजुरांची फार दया, म्हणून त्यानं मुंबईहून नकाशा मागवून हा दवाखाना बांधला. उद्घाटनाला मांडव घातला होता. सगळ्या जातीच्या, सगळ्या धर्माच्या गोरगरिबांना तिथं सारखं औषध मिळायचं. मी सगळं लिहून घेतलं. निघताना विचारलं, की खिडक्या इतक्या वर का ठेवल्या असतील. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट कमी होते. मावशी आणि मी धुतलेल्या बँडेजच्या गुंडाळ्या करत बसलो होतो. मी तिला कंपाउंडरांची हकिकत वाचून दाखवली. साहेब, दया, मांडव. ती गुंडाळी करत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली,

"बाई, हा दवाखाना म्हून न्हाई बांधल्याला. ही दारू ठेवायची जागा."

मला वाटलं, साहेबाची पिण्याची दारू. ती हसली. मी तिला हसताना फार कमी वेळा पाहिलं.

"सुरुंगाची दारू. कोठार व्हतं ह्ये. म्हून तर भित्ती जाड आन् छप्पर हलकं. उडालंच तर वर उडावं, आजूबाजूला न्हाई."

मग तिनं बाकीचं सांगितलं. सरळ, न थांबता, हात चालू ठेवून. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती आणि नवरा दोघं खाणीवर. तो पहारीनं सुरुंगाची भोकं पाडायचा, ती पाट्या वाहायची. एक दिवस एक सुरुंग उडालाच नाही. तो कुठला, हे कुणी ध्यानात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागल्यावर त्याच्यावरच पहार बसली आणि तो उडाला. पाच-सहा माणसं सापडली. काही जागीच गेली. बाकीच्यांना उचलून आणलं, पण ठेवायचं कुठं? साहेबाच्या बंगल्याला व्हरांडा होता, तिथं कुणी चढू दिलं नाही. खाणीवर दुसरं छप्पर एकच, दारूकोठार. मुकादमानं कुलूप काढलं, माणसांनी दारूचे डबे बाहेर काढून झाडाखाली ताडपत्रीत झाकले आणि जखमींना आत फरशीवर निजवलं. संध्याकाळी रेल्वेचा एक डॉक्टर आला. त्यानं सांगितलं, ही माणसं हलवायची नाहीत. साहेबाला ते मान्य नव्हतं, पण डॉक्टर हटला नाही. दारूसाठी पुढं टेकाडाच्या पलीकडे दुसरं कोठार बांधलं, आणि हे असंच दवाखाना होऊन बसलं. मांडव-बिंडव काही नव्हतं.

तिचा नवरा नऊ दिवस जगला. ती त्याच्याजवळ बसून होती, आणि तिथंच होती म्हणून बाकीच्यांनाही पाणी देत होती, घाण काढत होती, जखमा धूत होती. नवरा गेल्यावर माहेरचं कुणी न्यायला आलं नाही. नवीन आलेल्या कंपाउंडरला कामाला बाई हवी होती. ती राहिली.

मी विचारलं, ते कुठं होते, कुठल्या बाजूला. तिनं हनुवटीनं बाळंतपणाच्या टेबलाकडे दाखवलं.

त्या कोपऱ्यातली फरशी ती रोज पुसायची, बाळंतपण झालं की रक्त धुऊन काढायची. मी गुंडाळ्या मोजून डब्यात ठेवल्या. मग एक मूल ताप घेऊन आलं आणि आम्ही उठलो.

त्या शनिवारी शिरूरला गेले तर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, नातीला भेटायला आलेले. आमचं गाव न्हावऱ्याजवळ. आबा आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले, शेवटी शेवटी थोडी जमीन केली. त्यांच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. लहानपणी आम्ही विचारायचो तेव्हा म्हणायचे, खाणीत गेली. कुठली खाण, कधी, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नव्हतं. बोटं नसलेला हात हाच आबांचा हात.

रविवारी मी धुणं वाळत घालत होते आणि आबा पायरीवर बसले होते. बोलायला विषय म्हणून मी त्यांना सांगितलं, की आमच्या दवाखान्याचा इतिहास लिहायचं काम लागलंय, आणि ती मुळात दारूकोठाराची इमारत आहे. आबांनी पायरीवरून मान वर केली. मग म्हणाले,

"पत्र्याचं छप्पर आन् वर बारीक खिडक्या. तिथं मी व्हतो की. आत न्हाई. भायेर."

माझ्या हातात ओलं लुगडं तसंच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दोन उन्हाळे ते त्या खाणीवर कामाला होते, दगड भरायला. गाडीत दगड टाकताना हात सापडला. चौघांनी दवाखान्याकडे नेलं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, भिंतीबाहेर, निंबाखाली एक ओटा होता, आपल्या माणसांनी तिथं बसायचं. आत यायचं नाही. कंपाउंडर चार हात लांब उभा राहून हात बघायचा आणि पट्टी तिथूनच टाकायचा. ती आपली आपण, नाहीतर बरोबरच्यानं बांधायची. जखम धुवायला एक बाई यायची आणि वरून तांब्यानं पाणी ओतायची. आबांची दोन बोटं लोंबत होती, ती शेवटी बरोबरच्या एका म्हाताऱ्यानंच कापून सोडवली.

"ती बाई बरी व्हती," आबा म्हणाले. "लई दुखतंय का, म्हून इचारायची. दुसरं कोन इचारत न्हवतं."

मी त्यांना विचारलं, की मला तिथं नेमणूक मिळाली तेव्हा हे सांगितलं का नाही. दुष्काळात मी त्यांना दहादा तिथलं सांगितलं होतं, भिंतींचं, पत्र्यांचं, उकाड्याचं. त्यांना तेव्हाच कळलं असणार.

"तुझी नोकरी लागली व्हती," ते म्हणाले. "आत खुर्चीव बसत व्हतीस. मी कशाला मधी काय सांगू?"

मुलीनं त्यांना आत बोलावलं आणि ते उठून गेले. मी लुगडं पिळून पुन्हा दोरीवर टाकलं.

सोमवारी पहाटेच्या एसटीत मला झोप लागली नाही. पाण्याचा तांब्या धरलेला हात कुणाचा, हे मला आबा सांगत होते तेव्हाच कळलं होतं. त्या वर्षांत दवाखान्यात दुसरी बाई नव्हती. तरी मी मनात हिशेब लावत बसले, की कदाचित दुसरी कुणी असेल, मावशी तेव्हा आजारी असेल. दौंडला उतरून खाणीपर्यंत चालत गेले. मावशी पडवी झाडत होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही आणि विचारलं, की मागं निंबाखाली ओटा होता तिथं कोण बसायचं.

झाडू थांबला. तिनं कंबर सरळ केली. मग म्हणाली, "तुमची मानसं."

मी विचारलं, पाणी तुम्हीच ओतायचात का.

"व्हय. वरून वतायची. कंपौंडर म्हनायचा, हात लावलास तर तू पन भायेर. तेच, ज्यांच्याकडं तुम्ही गेला व्हता." तिनं झाडू भिंतीला लावला. "मी ऐकलं. मला जायाला जागा न्हवती."

मी आत जाऊन ॲप्रन घातला. तिला आबांचं काही सांगितलं नाही. राग होता का, तर होता, पण तो कुणावर धरायचा ते ठरवायला वेळ नव्हता आणि अंगात तेवढं बळही नव्हतं. कंपाउंडर सत्तरीला आलेला, अर्धा बहिरा. साहेब कधीच गेला. उरली ही, जी माझ्याबरोबर रोज सकाळी सहाला उठून पाणी तापवत होती. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. ट्रे द्या. पाणी आणा. धरा. तिसऱ्या दिवशी खाणीवरून एका माणसाला आणलं, पाय दगडाखाली चेंगरलेला. डॉक्टर पुण्याला मीटिंगला गेलेले. रक्त थांबवेपर्यंत आणि दौंडहून गाडी येईपर्यंत आम्ही दोघी चार तास त्याच्या पायाशी होतो. ती त्याची मांडी दाबून धरून बसली होती आणि मी बांधत होते. गाडी गेल्यावर हात धुताना मी तिला सांगितलं, की निंबाखाली बसलेल्यांत माझे वडील होते. डावा हात, दोन बोटं.

ती आठवायचा प्रयत्न करत होती हे दिसत होतं. शेवटी तिनं मान हलवली. आठवत नव्हतं. इतकी माणसं येऊन बसली होती तिथं. तिनं खोटं सांगितलं नाही, हे मला तेव्हाही बरं वाटलं. पदराला हात पुसत ती म्हणाली,

"बाई, ते लिवा तुमच्या कागदात. माझं नाव घालून लिवा. ही वरून पानी वतायची म्हून."

मी म्हटलं, तुमचं एकटीचं नाव का म्हणून.

"दुसऱ्यांची त्येंनी लिवावी, न्हाईतर न्हाई," ती म्हणाली. "माझं मी सांगितलंय."

मी लिहिलं. तीन दिवस, ड्यूटी झाली की खोलीवर बसून, साडेतीन फुलस्केप पानं. दारूकोठार कसं होतं, सुरुंग कसा उडाला, रेल्वेचा डॉक्टर कसा हटला नाही, नऊ दिवस, निंबाखालचा ओटा, वरून पाणी. कंपाउंडरांचं नाव लिहिलं नाही, 'तत्कालीन कर्मचारी' असं लिहिलं. मावशीचं लिहिलं, तिनं सांगितलं तसं. आबांचं लिहिताना 'एक मजूर' लिहिलं. मला तिथं 'माझे वडील' लिहिता आलं नाही. सरकारी कागदावर ते कसं दिसेल, असं वाटलं.

डॉक्टरांनी पानं उभ्या उभ्या वाचली. पुण्याचा तरुण माणूस, मनानं चांगला, पण तोही कंटाळून गेलेला. दर महिन्याला बदलीचा अर्ज करायचा आणि दर महिन्याला तो परत यायचा. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, हे असं होतं मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, पण हे पाठवून काय होणार आहे, सिस्टर? मी म्हटलं, त्यांनी मागवलंय. त्यांनी सही केली. एक ओळही खोडली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

महिन्याभरानं खात्याचा माणूस टेप घेऊन आला. भिंती मोजल्या, पत्रे ठोकून पाहिले, फरशीवर टाच आपटून पाहिली. मग माझ्या टेबलापाशी बसून त्यानं फॉर्म काढला. बांधकामाचं साल त्याला हवं होतं. मी म्हटलं, नक्की कुणालाच माहीत नाही, पण सगळं त्या पानांत लिहिलंय. त्यानं पिशवीतून माझी पानं काढली. टाचणीसुद्धा मी लावली होती तशीच होती. ती माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "इतिहास म्हणजे साल आणि क्षेत्रफळ, बाई. एवढं लिहायला फॉर्मात जागा कुठंय?"

खरंच नव्हती. अर्धी ओळ होती. त्यानं विचारलं, मग त्यात काय घालू? मी सांगितलं, 'दगडी, पूर्वीचे दारूकोठार.' त्यानं तेवढं लिहिलं आणि पुढं कंसात घातलं, स्फोटकांचे. अर्धी ओळ भरली.

तो गेल्यावर मावशीनं विचारलं, की त्यांनी वाचलं का.

"वाचलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

ती बरं म्हणाली आणि बादली उचलून आत गेली. हे खोटं मी का बोलले ते मी पुष्कळदा मनात उगाळलं आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. पण मला वाटतं, मी फार दमले होते. खरं सांगितलं असतं तर त्यापुढं आणखी काहीतरी बोलावं लागलं असतं.

इमारत पाडायचं ठरलं. रस्त्याच्या कडेला नवीन दवाखाना उभा राहिला. मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, वेगळी बाळंतपणाची खोली. मावशीची नोकरी त्याच पावसाळ्यात संपत होती. कागदावर ती अठ्ठावन्नची झाली. नव्या इमारतीत आयाला खोली नव्हती. डॉक्टरांनी वर लिहिलं, मी माझ्या अक्षरात अर्ज करून दिला, पण निवृत्त माणसाला निवास देता येत नाही असं उत्तर आलं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही होतं. वरवंडचा भाचा येऊन तिला घेऊन गेला. तिच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि एक गाठोडं होतं. निघताना तिनं लोखंडी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. रडली नाही. भाच्याला म्हणाली, पेटी डोक्यावर घे, रस्ता खराब हाय.

त्याआधी मी आबांना म्हटलं होतं, की पाडायच्या आत एकदा येऊन बघून जा. आता कुणालाही आत जाता येतं, मी स्वतः नेते, आणि ती बाई अजून आहे. आबा म्हणाले, काय बघायचंय, दगडच की. मग मी पुन्हा विचारलं नाही.

पाडायचं काम चार दिवस चाललं. पत्रे पहिल्या दिवशीच उतरले. भिंती मात्र ऐकेनात. शेवटी खाणीवरचीच माणसं घण आणि पहारी घेऊन बोलावली. नव्या दवाखान्यात तेव्हा लहान मुलांच्या लशींची रांग लागलेली होती. घणाचे आवाज ऐकू यायचे. पहिल्या दिवशी मनात आलं, रांग संपली की जाऊन येऊ. संध्याकाळी जावंसं वाटेना, पाय सुजले होते. खोलीवर येऊन पिठलं केलं, खाल्लं आणि निजले. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. पाचव्या दिवशी त्या बाजूनं गेले तेव्हा ट्रक दगड भरून नेत होते. तो चांगला घडवलेला दगड होता, कुणीतरी बांधकामाला घेतला होता. निंबाचं झाड होतं, त्याखाली पाडणारी माणसं डबे उघडून जेवत बसली होती.

मावशी एकदाच परत आली. दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या आधी. डोळ्याला कमी दिसायला लागलं होतं म्हणून भाच्याच्या बायकोनं पाठवली होती. मी खिडकीतून पाहिलं तर ती बाकावर, रांगेत, नंबर धरून बसलेली. मी बाहेर जाऊन तिला आत घेतलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पुण्याला जावं लागणार होतं, ते तिला समजावून सांगितलं. तिनं नव्या इमारतीत सगळीकडे फिरून पाहिलं, भिंतीला हात लावत. उजेड चांगला हाय म्हणाली. फरशी गुळगुळीत आहे, बाळंतीण घसरेल, पोतं टाकत जा, असं सांगितलं. भाचा बरा वागवतो का, मी विचारलं. म्हणाली, वागवतो, पण कामाला हात लावू देत नाही, बसून बसून अंग धरतं.

पाचच्या एसटीनं तिला जायचं होतं. मी स्टँडपर्यंत पोचवायला जाणार होते, तसं तिला म्हटलंही. पण रांग काही संपेना. साडेचारला ती दारात येऊन उभी राहिली, माझ्या हातात सिरिंज होती. बसा थोडं, मी म्हटलं, एवढं झालं की निघू. तिनं रांगेकडे पाहिलं. असू दे, तुमचं चालू द्या, म्हणाली, आणि भिंतीच्या कडेकडेनं, पायरी चाचपत, एकटीच खाली उतरली.